दुसऱ्या रकान्यातलं नाव

१

सकाळी साडेनऊला कंट्रोल रूममध्ये शिरलं की विश्वनाथ हरकरे आधी चष्मा पुसायचा, मग जुन्या रिलेच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचा आणि मग नव्या रिलेसमोर स्टूल ओढून बसायचा. एवढं झालं की दिवस सुरू. अकोल्याहून बदली होऊन नागपुरात आल्याला त्याला तीनच महिने झाले होते, पण ही टकटक तो वीस वर्षं करत असल्यासारखी करायचा. माणूस आकड्यांचा होता. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो हसून उठून जायचा, आणि बायको तारा म्हणायची, यांना देवही मीटरमध्येच दिसायला हवा.

रिले म्हणजे विजेच्या लाइनीवरचा पहारेकरी. उमरेडकडून एकशे बत्तीस हजार व्होल्टची लाइन एक्केचाळीस किलोमीटर शेतांतून, माळांवरून चालत कळमन्यापलीकडच्या या सबस्टेशनात यायची. वाटेत कुठं तार तुटली, फांदी टेकली, एखादं माकड चिकटलं, की रिलेनं डोळ्याची पापणी लवायच्या आत ते ओळखायचं आणि लाइन बंद करायची. जुना रिले काळ्या लोखंडी पेटीतला, चकत्या आणि स्प्रिंगांचा. नवा डिजिटल, बाहेरदेशाहून आलेला, बिस्किटाच्या डब्याएवढा. त्याच्या तोंडावर तीन तारांचे तीन दिवे होते, लाल, पिवळा आणि निळा, आणि खाली लाल आकडे. दोष किती किलोमीटरवर आहे ते तो आकड्यात सांगायचा. असला प्रकार तोवर कुणी पाहिला नव्हता, म्हणून पेटी उघडताना नारळही फुटला होता.

सध्या दोघंही एकाच लाइनीवर नजर ठेवून होते. हुकूम मात्र जुन्याचाच चालायचा, नव्याला नुसतं बघायची परवानगी होती. विश्वनाथनं रोज दोघांना खोटा दोष देऊन बघायचा, दोघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहायची आणि एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मे महिन्याअखेर सही करायची, की नव्याच्या हाती लाइन सोपवावी की नाही.

त्या सोमवारी सकाळी नत्थूजी आले. नत्थूजी म्हणजे पेट्रोलिंगचा लाइनमन. उमरेडच्या टोकापासून सबस्टेशनापर्यंत लाइनीखालून पायी चालत यायचं, एकेक टॉवर, एकेक चिनीमातीचा इन्सुलेटर बघायचा, असं त्यांचं पाच दिवसांचं काम. निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. विश्वनाथ नवा आला तेव्हा महिनाभर याच माणसानं त्याला घरून डबा आणून दिला होता, आणि पैशाचं नाव काढलं तर रुसून बसले होते. विश्वनाथचा त्यांच्यावर फार जीव होता.

नियम असा, की पेट्रोलिंगला दोन माणसं जायची. प्रत्यक्षात माणसं होती कुठं? लग्नसराईत अर्धा स्टाफ रजेवर. तेव्हा जायचा एक, आणि रजिस्टरच्या दुसऱ्या रकान्यात कुणाचं तरी नाव पडायचं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ऑपरेटर मारोतराव फोनवर अडकले होते. त्यांनी तोंडावर हात धरून विश्वनाथला खूण केली आणि म्हणाले, लिहून टाका ना साहेब, दुसरं कोनाचंही टाका, मागचं पान पाहून.

विश्वनाथनं पानं मागं उलटली. नत्थूजींच्या नावाशेजारी अलीकडं दर वेळी वेगळंच नाव होतं, पण बऱ्याच जुन्या पानांवर सारखं एकच नाव दिसत होतं. त्यानं ते आपल्या वळणदार अक्षरात उतरवलं: रुपराव. नत्थूजींनी न वाचताच खाली सही ठोकली, काठी उचलली आणि उमरेडची एसटी धरायला निघून गेले.

२

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी नव्या रिलेचा लाल दिवा लागला. खाली आकडा आला, २०.४.

विश्वनाथ तेव्हा डबा उघडत होता. त्यानं आधी जुन्या रिलेकडं पाहिलं. तो गप्प. लाइनीवरचा भार जसाच्या तसा, मीटरचे काटे स्थिर, उमरेडकडून फोन नाही. विश्वनाथनं आकडा पुसायचं बटण दाबलं. आकडा गेला आणि लगेच परत आला.

गंमत अशी, की दोष म्हटला की त्यात करंट जायला हवा. नव्या रिलेतच करंट बघायची सोय होती. विश्वनाथनं पाहिलं तर तिथं शून्य. म्हणजे यंत्र सांगत होतं, की वीस किलोमीटर चारशे मीटरवर काहीतरी आहे, आणि त्या काहीतरीला वजन नाही.

त्यानं कारणांची यादी केली. बाहेर सेहेचाळीस डिग्री होते, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. यंत्र तापलं असेल. एखादा स्क्रू ढिला असेल. त्यानं स्क्रू आवळले, ओला टॉवेल पेटीवर टाकला, खोटा दोष देऊन पाहिला. खोट्या दोषाचं उत्तर नव्यानं अचूक दिलं, आणि तो काढताच पुन्हा २०.४. बरोबर चार वाजता दिवा आपोआप विझला.

किलोमीटरमागं तीन टॉवर, असा हिशेब. म्हणजे एकसष्टावा टॉवर. तिथला एखादा इन्सुलेटर तडकला असेल, उन्हात गळत असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि त्याचं समाधानही झालं. संध्याकाळी नत्थूजींचा रोजचा फोन आला, तेव्हा त्यानं सांगितलं, की उद्या एकसष्ट नंबर नीट बघा, खाली थांबून चारही बाजूंनी बघा.



"एकसष्टच का जी?" नत्थूजींनी विचारलं.

विश्वनाथनं रिलेचं सांगितलं. पाहतो जी, म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाज थकलेला वाटला, पण दिवसभर उन्हातान्हात चाललेल्या साठीच्या माणसाचा आवाज आणखी कसा असणार?

३

बुधवारी सकाळी अकरा वाजताच नत्थूजींचा पाचगावच्या पोस्टातून फोन आला. एकसष्ट पाहिला. इन्सुलेटर शाबूत, तारा शाबूत, पक्ष्याचं घरटंही नाही. पुढं पन्नास नंबरपर्यंत आलोय, इथल्या वस्तीवरच मुक्काम करतो, म्हणाले. उन्हाळ्यात त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. पहाटे निघायचं, अकराच्या आसपास थांबायचं. भर दुपारी लाइनीखालून कुणी चालत नसे.

"थांबलो होतो जी तिथं, तुमी सांगतलं तसं," फोन ठेवताना ते म्हणाले. "लय वेळ थांबलो."

बारा दहाला दिवा लागला. २०.४. विश्वनाथ चिडलाच. त्यानं वहीत लिहिलं, की नवा रिले सदोष आहे. मग अडीचच्या सुमाराला रिलेच्या आत बारीक टक् असा आवाज झाला आणि आकडा बदलला. २०.३.

थोड्या वेळानं पुन्हा टक्. २०.२.

दोष जागचा हलत नसतो. तुटलेली तार जिथं तुटली तिथं असते. वीस वर्षांच्या नोकरीत विश्वनाथनं चालणारा दोष पाहिला नव्हता. त्यानं घड्याळ लावलं आणि वेळ लिहायला घेतली. शंभर मीटरला दीड मिनिट, कधी त्याहून कमी. मधेच आकडा चार-पाच मिनिटं थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा. थांबायचा तो दर वेळी टॉवरपाशी. लिहिता लिहिता विश्वनाथच्या लक्षात आलं, की ही माणसाची चाल आहे. जरा घाईत असलेल्या, पण काम न चुकवणाऱ्या माणसाची.

त्यानं पेन खाली ठेवलं. कंट्रोल रूम केवढी मोठी आहे हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं. करड्या पॅनेलांची लांबच लांब रांग, मागच्या बाजूला अरुंद बोळ, आणि ट्रान्सफॉर्मरची ती सततची घूं जी एरवी ऐकूसुद्धा येत नाही. टक्. मारोतराव दोन्ही हात पोटावर ठेवून खुर्चीत डुलकी घेत होते. त्यांना उठवून सांगावं असं फार वाटलं, पण काय सांगणार? टक्.

चार वाजता दिवा विझला. शेवटचा आकडा होता १७.१.

रात्री घरी तारानं विचारलं, अंगात ताप आहे का. नाही म्हणाला. भीती वाटते, हे शब्द ओठांवर आले होते, पण अशा माणसाला ते बोलायची सवय नसते.

४

गुरुवारी त्यानं ठरवून टाकलं, की आज यंत्राची खोड मोडायची. बारा दहाला दिवा लागला, १७.१, काल जिथं थांबला होता तिथूनच. एकाला पाच मिनिटं असताना, आकडा १५.२ वर आलेला, तेव्हा विश्वनाथनं रिलेची वीज तोडली, सगळ्या जोडण्या सोडवल्या, पेटी टेबलावर घेऊन आतली पट्टी न पट्टी तपासली. दोन वाजता सगळं पुन्हा जोडलं.

आकडा आला १२.६. मधल्या वेळात जेवढं चालणं व्हावं तेवढं झालेलं होतं. यंत्र बंद होतं, तो नव्हता.

मनातल्या मनात आपण ‘तो’ म्हणालो, हे विश्वनाथला उशिरा कळलं.

चार वाजता ८.२ वर दिवा विझला. सव्वापाचला नत्थूजींचा विहीरगावहून फोन आला. चोवीस नंबरला मुक्काम आहे. विश्वनाथनं कागद पुढं ओढला. चोवीसावा टॉवर म्हणजे आठ किलोमीटर. कालचा पन्नासावा म्हणजे सोळा पूर्णांक सात. काल नत्थूजी झोपले तिथून चारशे मीटर मागं येऊन तो थांबला होता, आणि आज दोनशे. सकाळी नत्थूजी पुढं जातात, भर दुपारी हा चालतो, आणि रोज आधीपेक्षा जवळ येऊन थांबतो.

"नत्थूजी, तुमच्याबरोबर कोणी आहे का?"

"तुमाले कसं समजलं जी?"

मग ते हळूहळू बोलले. एकसष्ट सोडल्यापासून मागं बुटांचा आवाज येतो. दुपारी झाडाखाली पडलं, की दूर कुणीतरी चालून राहिलं असं वाटतं. संध्याकाळी डोळा लागला, की कुणीतरी पाठीमागं येऊन बसतं. आपण मागं पाहिलं नाही, अजून तरी नाही. विश्वनाथ म्हणाला, ताबडतोब बस पकडा आणि या, उरलेली लाइन राहू द्या, मी बघून घेईन. त्याचा आवाज इतका चढला की मारोतराव उठून जवळ आले.

"मी बसनं आलो तर तो कुठं जाईन साहेब?" नत्थूजी म्हणाले, आणि फोन कटला.

मारोतरावांनी विचारलं, काय झालं. विश्वनाथनं उत्तर न देता त्यांना उलट विचारलं, की रुपराव कोण?

मारोतरावांचा चेहरा उतरला. आधी म्हणाले, कोन रुपराव? मग रजिस्टर स्वतःच ओढून घेतलं, सोमवारचं पान पाहिलं आणि खाली बसले. रुपरावला जाऊन दोन वर्षं झाली होती. मे महिन्यातच, पेट्रोलिंगवर. ऊन लागलं. एकसष्टच्या खाली सापडला. तुम्हाले मी मागचं पान म्हटलं होतं, एवढं मागचं नाही, असं ते दोनतीनदा पुटपुटले. विश्वनाथनं लाल पेन घेतलं आणि त्या नावावर आडवी रेघ मारली. पानांना नंबर आहेत, तपासणीत सापडेल, असं म्हणत मारोतराव त्याचा हात धरू पाहत होते. त्यानं आणखी एक रेघ मारली, कागद फाटेपर्यंत.

५

शुक्रवारी अकराच्या आत नत्थूजी फाटकातून चालत आले. धुळीनं माखलेले, डोक्याला दुपट्टा, पण धडधाकट. विश्वनाथ धावत बाहेर गेला आणि त्यानं त्या माणसाचे दोन्ही दंड घट्ट धरले. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. आला, माणूस आला, संपलं. त्यानं ताक मागवलं, कूलरसमोर खुर्ची दिली. नत्थूजींनी दोन पेले ताक घेतलं आणि रजिस्टर मागितलं. त्या दोन लाल रेघा त्यांनी बराच वेळ पाहिल्या. वाचता त्यांना बेताचंच येई, पण हे नाव त्यांना ओळखू आलं.

बारा दहाला दिवा लागला. ८.२.

"हा थो?" नत्थूजींनी विचारलं. विश्वनाथनं मान हलवली. टक्, ८.१.

दोघं रिलेसमोर बसून राहिले. जेवण तसंच पडलं. मारोतरावांनी एकदा येऊन आकडा पाहिला आणि ते यार्डात काहीतरी काम काढून निघून गेले. दोन वाजता आकडा ४.३ होता, तीन वाजता १.९. तेव्हा कुठं नत्थूजींनी तोंड उघडलं.

"त्या साली दुसऱ्या रकान्यात माझं नाव होतं साहेब. मी गेलोच नाही. माझ्या लेकीचं साक्षगंध होतं, लग्न जमलं होतं. रुपरावले म्हटलं, तू एकटा जा, पन शुक्रवारी दुपारच्या आत ये, मंग दोघंबी संगंच सही करू. म्हनून थो दुपारचा चालला. चौकशीत मले इचारलं, तू कुठं होता. म्या लिहून देल्लं, का मी त्याच्यासाठी पानी आनाले गेलतो."

टक्. १.६.

विश्वनाथनं त्यांचा हात हातात घेतला. त्याला सारखं एवढंच वाटत होतं, की हे नाव मी लिहिलं, एकसष्टपाशी थांबायलाही मीच सांगितलं, आणि आता हा माणूस माझ्यासमोर बसून मोजतो आहे. काहीही करून यांना वाचवलं पाहिजे. तो म्हणाला, चला, जीप काढू, तुमच्या घरी सोडतो, कौशल्याबाई वाट बघत असतील. नत्थूजी नुसते हसले. मग तो जीपमागं घराकडंच येईल ना जी, म्हणाले.

०.६ वर ते उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पितळी गडवा काठोकाठ भरून घेतला.

"आज पानी घेऊन जातो," ते म्हणाले. "खरोखरचं."

"एकटे नका जाऊ. मी येतो."

"या मंग."

विश्वनाथ उठला. त्याच क्षणी टक् झालं आणि त्याची नजर रिलेकडं वळली. ०.५. वेळ लिहायला हवी होती. तीन दिवसांची नोंद होती, रिले बंद ठेवला तो तास सोडला तर एकही आकडा सुटला नव्हता. एवढं रीडिंग घेतो आणि येतोच, असं तो म्हणाला. पण खरं कारण ते नव्हतं. त्याला बाहेर जायची भीती वाटत होती, आणि आकडा लिहिणं हे एकच काम असं होतं जे बसून करता येत होतं. नत्थूजींनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. त्यात राग नव्हता. उलट, फार ओळखीचं काहीतरी पाहावं तसं त्यांनी पाहिलं आणि दार लोटून ते गेले.

६

०.४. ०.३.

दोन्ही आकड्यांच्या वेळा विश्वनाथनं लिहिल्या. बाहेर खडीवर नत्थूजींच्या चपलांचा आवाज दूर गेला आणि थांबला. ०.२. ट्रान्सफॉर्मरची घूं बारीक झाल्यासारखी वाटली. ०.१. घामानं कागद बोटांना चिकटत होता. त्याला वाटलं, जावं. अजून जावं. पन्नास पावलं आहेत फाटकापर्यंत.

०.०.

बराच वेळ काही झालं नाही. मग लाल दिव्याशेजारचा पिवळा दिवा लागला.

तेव्हा तो पळाला. दाराला खांदा थडकला, चष्मा नाकावर तिरपा झाला. फाटक सताड उघडं होतं. पहारेकरी आपल्या खोलीच्या सावलीत तंबाखू मळत होता. नत्थूजी कुठं गेले, विश्वनाथनं विचारलं.

"गेले ना आत्ताच. दोघंही गेले," तो म्हणाला, आणि पुन्हा तंबाखूकडं वळला.

लाइनीखालचा पट्टा सरळ दूरवर पसरला होता. उन्हानं जमीन हलत होती, टॉवरांचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे दिसत होते. पहिल्या टॉवरच्या जरा अलीकडं दोन माणसं पाठमोरी चालली होती. एकाच्या डोक्याला नत्थूजींचा दुपट्टा. दुसऱ्याच्या अंगात खाकी कपडे, आणि त्याचा हात नत्थूजींच्या खांद्यावर होता. दमलेला माणूस टेकून चालतो तसा तो चालत होता. विश्वनाथनं नत्थूजींना हाक मारली.

नत्थूजी वळले नाहीत. दुसरा वळू लागला. आधी खांदा वळला, मग मान.

विश्वनाथनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो उलट पळत सुटला. आपण काय पाहिलं हे त्याला पुढं अनेकांनी अनेक प्रकारे विचारलं. त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यानं एवढंच पाहिलं, की त्या वळणाऱ्या गालावर एवढ्या उन्हातही ऊन पडत नव्हतं.

रिलेवरचा आकडा आता वाढत होता. लाल आणि पिवळा, दोन्ही दिवे लागलेले. १.४. २.२. ही माणसाची चाल नव्हती. टक् टक् टक् असा आवाज आत सारखा चालला होता. पाच. नऊ. चौदा. विश्वनाथ भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि मोठ्यानं रडला. चार वाजता आकडा थांबला आणि दिवे विझले.

तो कुठं थांबला हे वाचायची गरज नव्हती.

७

जीप एकसष्ट नंबरला पोचायला साडेपाच झाले. नत्थूजी टॉवरच्या पायाला टेकून बसलेले होते. डोळे मिटलेले, मांडीवर दुपट्टा. गडवा शेजारी पालथा पडला होता आणि खालची माती ओली होती. त्या उन्हात माती तास अर्धा तासही ओली राहत नाही, हे मारोतरावांनाही कळलं, विश्वनाथलाही कळलं. दोघंही त्याबद्दल एकमेकांशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. अडचण एवढीच होती, की पावणेचारला कळमन्याला असलेला माणूस पायी वीस किलोमीटरवर कसा पोचला. ती सोडवायला वेळ लागला नाही. शुक्रवारी नत्थूजी सबस्टेशनात आलेच नव्हते, असं ठरलं. पहारेकऱ्यानं तसं सांगितलं, ताक देणाऱ्यानंही. राहता राहिला दुसरा रकाना.

पुढच्या मंगळवारी चौकशीचे अधिकारी आले. सभ्य गृहस्थ होते, त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांनी फाटलेलं पान पाहिलं आणि विश्वनाथला कंट्रोल रूमच्या शेजारच्या खोलीत बसवून समजावलं. माणूस एकटा पाठवला असं निघालं, तर नियम मोडला असं होतं. नियम मोडून गेलेल्या माणसाच्या बायकोला खात्याकडून काही मिळत नाही. कौशल्याबाई दारात बसल्या होत्या. अंगावरचं लुगडं तेच होतं, शनिवारपासूनचं. दुसऱ्या रकान्यात जिवंत माणसाचं नाव हवं. मारोतराव म्हातारे, त्यांचे गुडघे गेलेले, त्यांचं नाव कुणी मानणार नाही.

"तुम्ही टेस्टिंगसाठी लाइनीवर गेला होतात, असं दाखवता येईल," अधिकारी म्हणाले. "म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही त्यांच्याबरोबर होतात."

विश्वनाथनं सांगायचा प्रयत्न केला. मी नव्हतो, मला जायचं होतं, मी गेलो नाही. अधिकाऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, त्या बाईकडे बघा. विश्वनाथनं बघितलं. मग त्यानं कागद पुढं ओढून सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली.

बारा वाजता अधिकारी गेले. कौशल्याबाई हात जोडून गेल्या. विश्वनाथ कंट्रोल रूममध्ये येऊन सवयीनं स्टुलावर बसला. शनिवारपासून नवा रिले अगदी शहाण्यासारखा वागत होता. मेअखेरच्या अहवालात त्याच्याविरुद्ध लिहावं असं काहीही सापडलं नव्हतं.

बारा दहाला दोन दिवे एकदम लागले. आकडा आला, २०.४.

विश्वनाथ त्याच्याकडं बघत राहिला. त्यानं बटण दाबलं नाही, की वीज तोडली नाही. त्याचा काही उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. आज तो थांबून राहिला नाही. दहा मिनिटांतच आत टक् झालं. २०.३. मग पुन्हा.

मारोतराव डबा घेऊन उठले. त्यांची जेवायची वेळ झाली होती. विश्वनाथ म्हणाला, मारोतराव, जरा बसा ना माझ्याबरोबर, चार वाजेपर्यंत. मारोतरावांनी रिलेकडं पाहिलं, पायांत चपला सरकवल्या.

"येतोच जी मी," ते म्हणाले, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.